झगमगीत कॅम्पस आणि खरं शिक्षण: बडोद्यातल्या पालकांचे नि मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझा फोन सुरू होतो. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, रावपुरा, आणि तिथून मांजलपूर-कारेलीबागेकडे राहायला गेलेली आपली मराठी घरं, कोणाचा मुलगा, कोणाची भाची, आणि प्रश्न फिरून फिरून तेच. मी २४ वर्षं इथेच एका खासगी कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, आता रिटायर आहे, म्हटलं एकदा सगळं नीट लिहून ठेवू, म्हणजे फोन करायला संकोच वाटतो त्यांनाही वाचता येईल.

प्रश्न: आम्ही कॉलेज बघून आलो. एसी क्लासरूम, स्विमिंग पूल, फूड कोर्ट, गेट तर राजवाड्यासारखं. एवढा खर्च करतात म्हणजे शिकवत पण चांगलंच असतील ना?

असतीलही, पण पूल बघून ते कळत नाही. कॉलेजकडे पैसा आहे का हा अर्धाच प्रश्न झाला, तो पैसा तुमच्या मुलाच्या हातापर्यंत पोचतो का हे विचारायचं.

माझाच अनुभव सांगते. आमच्याकडे एका वर्षी नवीन ऑडिटोरियम झालं, सेंट्रल एसी, बाहेर कारंजं, उद्घाटनाला मंत्री. त्याच वर्षी फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये एका ब्युरेटवर, म्हणजे थेंब थेंब द्रव सोडायच्या मापाच्या काचेच्या नळीवर, चार मुलं उभी राहायची. ज्यांनी टायट्रेशन केलंय त्यांना माहितीये, शेवटचा थेंब पडतो नि फ्लास्कमधलं पाणी एकदम फिकट गुलाबी होतं, तो थेंब कधी थांबवायचा हे हाताला कळावं लागतं, पुस्तकातून कळत नाही. चौघांत नळी एकाच्याच हातात असायची आणि बाकीची तिघं त्याचं रीडिंग जर्नलमध्ये उतरवून घ्यायची, तीन वर्षं अशीच गेली आणि ती मुलं बी.एस्सी. होऊन बाहेर पडली. काचसामानाची मागणी मी दोनदा लिहून दिली, दोन्ही वेळा पुढच्या वर्षी बघू असं उत्तर आलं. अजून वाईट वाटतं, कारण ती मुलं हुशार होती आणि फी सगळ्यांनी पूर्ण भरली होती.

प्रश्न: म्हणजे साधं, गरीब कॉलेजच चांगलं असतं असं म्हणायचंय का तुम्हाला?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज मला मनापासून काढायचाय. सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात बहूबाजारच्या संस्थेत २८ फेब्रुवारी १९२८ ला प्रकाशाबद्दलचा आपला शोध लावला आणि उपकरणं जेमतेम २०० रुपयांची होती असं सांगतात. ही गोष्ट मी स्टाफ मीटिंगमध्ये किती वेळा ऐकली असेन, आणि दर वेळी ती लॅबचं बजेट कापतानाच ऐकली. अहो, रामन तोपर्यंत वीसेक वर्षं संशोधन करत होते, अठरा वर्षांच्या मुलाला स्वतःची ब्युरेट लागते.

तसंच पुण्याच्या फर्ग्युसनचं. १८८५ साली कॉलेज निघालं, गोखल्यांसारखी माणसं ७५ रुपये पगारावर वीस वर्षं शिकवायचं वचन देऊन बसली. त्या त्यागापुढे मी हात जोडते. पण त्यांनी तो स्वतःहून केला होता. आज नेट-पीएच.डी. झालेल्या पोराला अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर तुटपुंज्या पगारात ठेवायचं आणि वर फर्ग्युसनचा दाखला द्यायचा, हे मला पटत नाही. तो बिचारा दुपारी क्लासमध्ये शिकवतो, संध्याकाळी ट्यूशन घेतो, तुमच्या मुलाची शंका सोडवायला थांबणार कधी?

पैसा लागतोच. अमेरिकेत सरकारी कॉलेजांवर अभ्यास झालाय, त्यात असं दिसलं की कॉलेजने मुलांवर होणारा खर्च वाढवला की जास्त मुलं येतात आणि जास्त मुलं डिग्री पूर्ण करतात, नुसती फी कमी-जास्त करून तसा फरक पडला नाही. म्हणजे काटकसर हा काही शिक्षणाचा गुण नाही.

प्रश्न: पण आपल्या बडोद्यात तर महाराजांनीच भव्य इमारती बांधल्या. मग?

बांधल्या ना, आणि मला त्यांचा अभिमान आहे. बडोदा कॉलेज १८८१ चं, आज जिथे आर्ट्स फॅकल्टी आहे तो घुमट बघून अजूनही मान वर होते. पण सयाजीराव घुमटापाशी थांबले नाहीत. १८९३ ला अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण करून बघितलं, १९०६ ला अख्ख्या संस्थानात लागू केलं. १८९० ला कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची शाळा काढली, दादासाहेब फाळके तिथे शिकले. १९१० ला अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी बघितली नसेल तर मुलांना घेऊन जा, लोखंडी घोडे आणि मजल्यांना चक्क काचेच्या लाद्या, वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत उतरावा म्हणून. तीही महागडीच इमारत आहे, पण प्रत्येक रुपया वाचणाऱ्याचा विचार करून घातलाय, मला असा श्रीमंतपणा हवाय.

आणि बाबासाहेबांची गोष्ट तर ठाऊकच आहे सगळ्यांना, १९१३ ला महिना साडेअकरा पौंडाची बडोद्याची स्कॉलरशिप, तीन वर्षं, कोलंबिया युनिव्हर्सिटी. त्या पैशाने काय झालं हे देशाने पाहिलं. पण तेच बाबासाहेब १९१७ ला नोकरीला बडोद्यात आले तेव्हा या शहराने त्यांना राहायला खोली दिली नाही, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं, कमाटी बागेत झाडाखाली बसून रडावं लागलं. मी बागेत फिरायला जाते तेव्हा दर वेळी आठवतं. तिजोरी उघडी असली तरी माणसाला आत घेतलं नाही तर शिक्षण अर्धवट राहतं, म्हणून खाली हॉस्टेलचं लिहिलंय ते नीट वाचा.

प्रश्न: एम. एस. युनिव्हर्सिटी आता जुनी वाटते, भिंतींचे पोपडे निघालेत. मुलगा म्हणतो तिथे नको.

पोपडे आहेत काही ठिकाणी, खोटं कशाला बोलू, आणि पंखे दुरुस्त व्हायलाच हवेत. पण नोबेल मिळालेले वेंकटरामन रामकृष्णन १९७१ ला इथूनच फिजिक्समध्ये बी.एस्सी. झाले. त्या वेळी इथे अमेरिकेतल्या बर्कलीचा फिजिक्सचा नवा कोर्स लावला होता, म्हणजे कोणीतरी शिक्षकांनी बसून जुना सिलॅबस फेकायचं नि नवं शिकून शिकवायचं धाडस केलं होतं. त्यांचे आई-वडील इथेच बायोकेमिस्ट्रीत होते हेही खरं, घरचं वातावरण मिळालं, सगळं श्रेय कॉलेजला देता येणार नाही.

फाइन आर्ट्सचं तर बघा. १९५० ला सुरू झालं, तेव्हा कुठे होता मोठा कॅम्पस? आपले इंदूरचे चित्रकार बेंद्रे आले, शंखो चौधरी आले, पुढे के. जी. सुब्रमण्यन, स्वतः चित्रं काढणारी, मूर्ती घडवणारी माणसं पोरांच्या शेजारी बसून काम करायची. बडोद्याचं नाव जगभर गेलं ते त्यांच्यामुळे.

तरी आंधळेपणाने जुनं नाव बघून जाऊ नका. डिपार्टमेंटमध्ये कायम शिक्षक किती, टेंपररी किती, हे आजचं विचारा. १९७१ चं पुण्य आजच्या मुलाला पुरत नाही.

प्रश्न: हार्वर्डसारख्या युनिव्हर्सिट्या इतक्या श्रीमंत आहेत म्हणूनच चांगल्या आहेत ना?

हार्वर्डची ठेव ५० अब्ज डॉलरच्या वर आहे, हो. ठेवीला हात लावत नाहीत, तिच्या कमाईतून दर वर्षी साधारण ५ टक्के काढून खर्च करतात आणि बराच पैसा देणगीदारांनी ठरवून दिलेल्या कामालाच वापरता येतो. त्या पैशाचं मला आवडतं ते एवढंच की तो फीमध्ये उतरतो. प्रिन्स्टनने २००१ ला गरजू मुलांच्या मदतीतलं कर्ज काढून टाकलं नि त्याजागी परत न करायची मदत द्यायला लागले, हार्वर्डने २०२५ ला जाहीर केलं की वर्षाला २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना ट्यूशन फी नाही. आपल्याकडच्या श्रीमंत कॉलेजला हाच प्रश्न विचारा, की तुमच्या पैशातून किती मुलं कमी फीत शिकतात? स्कॉलरशिपचं बॅनर दाखवतील, मग विचारा पहिल्या वर्षाची आहे की चारही वर्षांची. बऱ्याचदा एका वर्षाचीच असते.

प्रश्न: भारी बिल्डिंग बांधल्याने कॉलेजचं नुकसान झालं असं कधी होतं का?

होतं, आणि याचं मला माहीत असलेलं सगळ्यात वाईट उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. कूपर युनियन, १८५९ ची संस्था, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर आणि आर्ट, शंभर वर्षांहून जास्त काळ ज्याला प्रवेश मिळाला त्याचं शिक्षण मोफत. आधीपासून तोटा होताच, त्यात २००६ ला १७.५ कोटी डॉलरचं कर्ज काढलं, चमकदार नवी इमारत २००९ ला उघडली. कर्जाचा बोजा पेलेना. २०१४ पासून मुलांकडून फी घ्यायचं ठरलं, आणि घेतलीही. मुलं आंदोलनाला बसली, प्रेसिडेंटच्या ऑफिसात ठिय्या दिला. २०१८ ला ठरवलं की दहा वर्षांत परत सगळ्यांना मोफत करायचं. इमारत सुंदरच आहे म्हणतात, पण मला त्या मधल्या मुलांचं वाटतं, ज्यांचा जन्म दोन-चार वर्षं आधी झाला असता तर त्यांना एक पैसा भरावा लागला नसता.

लुइझियानामध्ये तर एका सरकारी युनिव्हर्सिटीने २०१७ ला मुलांच्या फीतून तरंगत फिरायची पाण्याची नदीच बांधली, युनिव्हर्सिटीच्या नावाच्या अक्षरांच्या आकाराची.

याच्या उलट केंटकीचं बेरिया कॉलेज. १८९२ पासून ट्यूशन फी नाही, ठेव एक अब्ज डॉलरहून जास्त, मुलं गरीब घरांतली आणि प्रत्येकाने आठवड्याला कमीत कमी दहा तास कॉलेजचं काम करायचंच. वाचल्यावर तुमच्या तोंडी लगेच येईल, अरे हे तर कर्मवीर अण्णांचं कमवा आणि शिका. १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, आणि साताऱ्याला १९४० ला मोफत निवासी हायस्कूल काढलं त्याला नाव दिलं महाराजा सयाजीरावांचं. बडोद्याच्या माणसाला हे माहीत असायला हवं. दोन्हीकडे पैशाचं माप वेगळं, एकीकडे अब्ज डॉलर नि एकीकडे मूठभर धान्य, पण पैसा जायचा रस्ता एकच, सरळ मुलापर्यंत.

प्रश्न: कॅम्पस बघायला जाणार आहोत. काय काय बघू?

ओपन हाउसच्या दिवशी जाऊ नका. साधा मंगळवार-बुधवार धरा, दुपारी तीनच्या पुढे जा, नि गेटवरच्या काउन्सेलरला नम्रपणे सांगा की आम्ही आमचं आमचं फिरतो.

पहिल्यांदा लायब्ररी. किती पुस्तकं हा आकडा सोडून द्या, संध्याकाळी किती वाजता बंद होते ते विचारा आणि मुलं खरंच बसलीत का बघा. पाचला कुलूप लागत असेल तर ती मुलांसाठी नाहीये, कारण लेक्चर संपायलाच पाच वाजतात.

मग लॅब. भिंतीला लागून मोठं यंत्र दिसेल, कव्हर घातलेलं. कव्हरवरची धूळ बघा आणि शेजारची लॉगबुक बघा, शेवटची नोंद कधीची आहे. आमच्याकडे एक स्पेक्ट्रोफोटोमीटर होता, म्हणजे द्रावणात प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र, ग्रँटमधून आलेला, त्याचा ड्युटेरियमचा दिवा गेला. दिवा संपणारी वस्तू आहे, ठरावीक तास चालला की जातोच. यंत्राला पैसे होते कारण यंत्राचा फोटो माहितीपत्रकात येतो, दिव्याला नव्हते. दोन वर्षं तो तसाच उभा होता आणि मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. तर विचारा, यंत्राचं वार्षिक मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट आहे का, आणि लॅब असिस्टंट कोण, त्याच्याशी दोन मिनिटं बोला. तो माणूस खरं सांगतो.

आणि इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री टेंपोतून उपकरणं येताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आहेत, तीन दिवसांनी परत गेली. तेव्हा गप्प बसले, नोकरी होती. आज लिहितेय, निदान तुम्ही तरी लॉगबुक बघाल.

शेवटी कँटीनमध्ये चहा घ्या आणि थर्ड इयरच्या मुलांना एकच विचारा, शंका आली तर तुम्ही कोणाकडे जाता? शिक्षकाचं नाव पटकन सांगितलं तर ते कॉलेज निम्मं पास. यूट्यूब म्हणाले, किंवा एकमेकांकडे बघायला लागले, तर समजून घ्या.

प्रश्न: नॅकचा ग्रेड, एनआयआरएफचा रँक, यावर विश्वास ठेवायचा का?

रँकपेक्षा त्यामागचा कागद वाचा. नॅक, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणारी संस्था, सात निकषांवर मोजत आलीय, इमारत आणि सोयी हा त्यातला एकच. एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारची, रँकिंग २०१६ पासून येतात आणि भाग घेणाऱ्या कॉलेजने भरलेली माहिती त्यांच्या वेबसाइटवर मिळते. त्यात लायब्ररीवर किती, लॅबच्या नव्या उपकरणांवर किती, पगारावर किती असा खर्च तीन वर्षांचा दिलेला असतो, आणि गंमत नाही, खरंच महत्त्वाचं आहे, त्या भांडवली खर्चाच्या रकान्यात इमारतीचा खर्च धरायचाच नसतो. म्हणजे मोजणाऱ्यांनाही माहितीये. लॅब आणि लायब्ररीचा आकडा घ्या, मुलांच्या संख्येने भागा, दोन कॉलेजांची तुलना करा. दहा मिनिटांचं काम आहे.

इंजिनिअरिंगला एआयसीटीईचा, म्हणजे तांत्रिक शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेचा, नियम वीस मुलांमागे एक शिक्षक. शिक्षकांची यादी वेबसाइटवर टाकावी लागते. यादीतली चार नावं घेऊन कँटीनमधल्या मुलांना विचारा की हे सर शिकवतात का.

प्रश्न: ४० लाखांचं पॅकेज मिळालं असं होर्डिंग लागलंय.

एका मुलाला मिळालं असेल. मधल्या मुलाला किती मिळालं ते विचारा, एनआयआरएफच्या त्याच कागदात मीडियन पगार असतो.

प्रश्न: मोठ्या कॉलेजात मोठ्या लोकांच्या ओळखी होतात, त्याचं काय?

याचा काही अंशी फायदा आहे. अमेरिकेत १९७६ ला कॉलेजात गेलेल्या मुलांचा पुढे वीस वर्षं मागोवा घेतला, त्यात ज्यांना नामांकित कॉलेजात प्रवेश मिळत होता पण जे साध्या कॉलेजात गेले, त्यांची कमाई नामांकितवाल्यांइतकीच निघाली. फरक पडला तो गरीब घरच्या मुलांना, त्यांना नामांकित कॉलेजचा फायदा झाला. म्हणून तुमच्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जात असेल आणि खरोखर चांगल्या, अभ्यासाने नाव कमावलेल्या ठिकाणी नंबर लागत असेल तर सोडू नका, स्कॉलरशिप शोधा, मला फोन करा, पण सोडू नका. गुजरातमध्ये मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना आहे, घरचं उत्पन्न वर्षाला ६ लाखांपर्यंत आणि बारावीला ८० पर्सेंटाइल असेल तर पोर्टलवर अर्ज भरा, मुदत चुकवू नका.

हे नामांकित कॉलेजबद्दल झालं हां, झगमगीत कॉलेजबद्दल नाही. दोन्ही एक नाहीत.

प्रश्न: मुलीला पाठवायचंय. हॉस्टेल छान पाहिजे म्हटलं तर ती पण चैनच का?

नाही हो. स्वच्छ संडास, दाराला आतून कडी, रात्री पाणी, सॅनिटरी पॅड टाकायची सोय, चालणारा दिवा, हे चैन नाही, हे नसेल तर मुलगी शिकूच शकत नाही. दिवसभर पाणी न पिता कॉलेजात बसणाऱ्या मुली मी बघितल्यात कारण संडासात जायची सोय नव्हती, आणि त्याच कॉलेजात गेटवर रोज ताज्या फुलांची सजावट असायची. व्हीलचेअरसाठी उतार, लिफ्ट, यालाही मी शिक्षणाचाच खर्च म्हणते. मे महिन्यात बडोद्यात ४२-४३ डिग्री होतं, तेव्हा लॅबमधला पंखा किंवा यंत्राच्या खोलीतला एसी पण गरजेचाच. आणि लायब्ररी मुलांच्या हॉस्टेलला रात्री अकरापर्यंत पण मुलींना आठला गेटच्या आत, असा नियम असेल तर फी दोघांची सारखी का, हे वॉर्डनला जरूर विचारा.

प्रश्न: मुलाला ते कॉलेज फार आवडलंय. त्याची आवड पण बघायला नको का?

बघा, पण काय आवडलं ते विचारा. २०१३ ला अमेरिकेत तीन अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, अभ्यासात पुढे असलेली मुलं शिकवण्याचा दर्जा बघून कॉलेज निवडतात आणि पैसेवाल्या घरची, मार्क कमी असलेली मुलं सोयींकडे जास्त ओढली जातात, म्हणून काही कॉलेजांना सोयींवर खर्च करणंच फायद्याचं पडतं. मुलाला रागावू नका, अठराव्या वर्षी पूल आवडणारच. त्याला एका चालू लेक्चरला मागच्या बाकावर बसून यायला सांगा, मग परत विचारा.

प्रश्न: घर गहाण ठेवून लोन काढू का?

माझं मत विचाराल तर नको, निदान बिल्डिंग बघून तरी नको. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारण तारण मागत नाहीत. त्याच्या वर चाललात की थांबा आणि त्या कॉलेजच्या मीडियन पगारात हप्ता बसतो का ते कागदावर मांडा. वडिलांचं वाडीतलं घर एका सेमिस्टरच्या फीसाठी गेलेलं मी बघितलंय, मुलगा नंतर महिनाभर माझ्याशी नजर मिळवत नव्हता, त्याचा काय दोष त्यात.

प्रश्न: आम्ही ॲडमिशन घेऊन बसलो. आता हे वाचून काय उपयोग?

उपयोग आहे, फी तर भरलीच आहे, आता ती वसूल करायची. मुलाला सांगा, पहिल्या पंधरा दिवसांत एक शिक्षक शोध, जो शिकवताना खुलतो, त्यांच्या केबिनवर जा, शंका घेऊन जा, आधी रागावतील कदाचित, परत जा. लॅबमध्ये मागे उभा राहू नकोस, ब्युरेट माझ्या हातात द्या म्हण. चार जणांनी मिळून लेखी अर्ज द्या की आम्हाला प्रत्येकी वेगळा सेट पाहिजे, तारीख घालून द्या, आणि पोच घ्या. माझ्या मागणीला दोनदा नकार आला, पण तिसऱ्या वर्षी सेकंड इयरच्या एकोणीस मुलांनी सही करून अर्ज दिला, पालकांपैकी दोघं प्रिन्सिपलच्या ऑफिसबाहेर येऊन बसले, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर लॅबमध्ये बारा नव्या ब्युरेट आल्या होत्या.